कागदाची भीती आणि समूहाचा दावा

माझा भाचा शिकागोला नोकरी करतो. २०१८ साली त्याच्या घरी डाकेने एक चेक आला. रक्कम अकरा डॉलर आणि काही सेंट. सोबत एक छापील कागद होता, त्यावर न्यायालयाचे नाव होते आणि खाली बारीक अक्षरांत बराच मजकूर होता. त्याने मला फोन करून विचारले, "मामा, मी कोणावर दावा लावला नाही, वकील दिला नाही, कोर्टाची पायरीही चढलो नाही. मग हे पैसे मला कशाचे?"

त्याचा प्रश्न मला तेव्हा नीट उलगडून सांगता आला नाही. मी व्यवसायाने शिक्षक, वकील नव्हे. पण आमच्या वस्तीत दर रविवारी आम्ही काही मंडळी बसतो, लोकांना आलेले सरकारी आणि बिनसरकारी कागद वाचून दाखवतो. त्यामुळे कागद हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. पुढे मी या अकरा डॉलरच्या मागे लागलो आणि जे हाती आले ते येथे मांडतो आहे. अमेरिकेच्या कायद्याशी आपला काय संबंध, असे काही वाचकांना वाटेल. त्यांना एवढीच विनंती की त्यांनी थोडा धीर धरावा.

आधी त्या पत्राची हकीकत. दोन वर्षांपूर्वी भाच्याला इस्पितळात जावे लागले होते. विमा कंपनीने बिलाचा काही भाग नाकारला. उरलेल्या रकमेसाठी त्याला एका वसुली कंपनीचे पत्र आले. पत्राच्या माथ्यावर वकिलाचे नाव, भाषा फिर्यादीची, आणि अमुक तारखेच्या आत पैसे न भरल्यास 'पुढील कारवाई' होईल असा इशारा. कारवाई कोणती, ती कोण करणार, हे कोठेही नव्हते. एम.एस. झालेला हा मुलगा दोन रात्री झोपला नाही.

मला यात नवल वाटले नाही. त्याचे आजोबा म्हणजे माझे वडील. वतने खालसा झाल्यानंतर जमीन फेरमंजूर करून घेण्यासाठी सरकारात रक्कम भरावी लागत असे, त्याचा कागद आमच्या घरी आला होता. वडिलांनी तो वाचलाच नाही, कारण त्यांना वाचता येत नव्हते. वाचून घेण्यासाठी कोणाकडे जायचे? पाटलाच्या वाड्यावर. ते गेले नाहीत. कागद आढ्याला खोचून ठेवला आणि मुदत निघून गेली. आपल्या लोकांच्या जमिनी केवळ लाठीने गेल्या नाहीत. कागदाच्या भीतीनेही गेल्या.

अमेरिकेत कर्जवसुलीचा स्वतंत्र धंदा आहे. बँक, इस्पितळ किंवा दुकान आपली थकलेली येणी वसुली कंपनीकडे सोपवते, किंवा सरळ विकून टाकते. हे विकणे कोणत्या भावाने होते? तेथील फेडरल ट्रेड कमिशनने २०१३ साली या धंद्याची पाहणी प्रसिद्ध केली. तीनुसार कर्ज विकत घेणाऱ्या कंपन्या एका डॉलरच्या कर्जासाठी सरासरी चार सेंट मोजत होत्या. म्हणजे शंभराचे कर्ज चाराला घ्यायचे आणि शंभरही कर्जदाराकडून मागायचे. बरोबर कर्जाची मूळ कागदपत्रे असतातच असे नाही. बहुतेक वेळा नावे आणि रकमा यांची एक यादी असते. अशा व्यापाऱ्याचे मुख्य हत्यार एकच, ते म्हणजे पत्र. ते लाखोंनी छापता येते, आणि शंभरांतल्या दहांनी घाबरून पैसे भरले तरी धंदा फायद्यात जातो.

या पत्रांना आणि दूरध्वनीवरच्या धमक्यांना आळा घालण्यासाठी अमेरिकेच्या काँग्रेसने १९७७ साली एक कायदा केला. फेअर डेट कलेक्शन प्रॅक्टिसेस अॅक्ट हे त्याचे नाव. तो मार्च १९७८ पासून अमलात आला. मूळ सावकाराला तो सहसा लागू होत नाही, दुसऱ्यासाठी वसुली करणाऱ्याला लागू होतो. खोटे किंवा दिशाभूल करणारे काहीही सांगता येणार नाही, वकील नसताना वकिलाचा आव आणता येणार नाही, न्यायालयाच्या हुकमासारखा दिसणारा कागद पाठवता येणार नाही, जी कारवाई करायचा इरादाच नाही तिची धमकी देता येणार नाही. शिवाय कर्जदाराला तीस दिवसांच्या आत कर्ज नाकबूल करण्याचा आणि पुरावा मागण्याचा हक्क आहे, हे वसुलीवाल्याने त्याला स्वतःहून लेखी कळवले पाहिजे.

मला या कायद्यातील सर्वांत मोलाची गोष्ट मात्र त्याच्या कलमांत लिहिलेली नाही. ती न्यायालयांनी घडवली. पत्र दिशाभूल करणारे आहे की नाही हे कोणाच्या डोळ्यांनी पाहायचे? वकिलाच्या? पदवीधराच्या? १९८५ आणि १९९३ साली अमेरिकेतील दोन संघीय अपील न्यायालयांनी निःसंदिग्ध उत्तर दिले की जो सर्वांत कमी जाणता, सर्वांत कमी व्यवहारचतुर ग्राहक आहे त्याच्या डोळ्यांनी. इतर बहुतेक अपील न्यायालयांनीही हीच कसोटी थोड्या शब्दभेदाने मान्य केली आहे. १९९३ च्या प्रकरणात एका बाईकडे मासिकांच्या वर्गणीपोटी नऊ डॉलर बेचाळीस सेंट येणे होते. तेवढ्यासाठी तिला वकिलाच्या सहीची पत्रे येत राहिली. पुढे उघड झाले की ती सही यंत्राने उमटवलेली होती आणि वकिलाने तिचे प्रकरण कधी पाहिलेच नव्हते. न्यायालयाने सांगितले की वकिलाची सही पाहून सामान्य माणसाला वाटते, कोणा वकिलाने माझे प्रकरण वाचले आहे. ते खोटे असेल तर ही फसवणूकच होय. नऊ डॉलरच्या येण्यासाठी त्या बाईला हजार डॉलरची भरपाई मिळाली.

या कसोटीचे मूळ आणखी मागे जाते. विश्वकोश 'फुकट' देतो असे सांगून विकणाऱ्या एका कंपनीच्या खटल्यात १९३७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की कायदा संशयी माणसाइतकाच विश्वास ठेवणाऱ्या माणसासाठीही आहे. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक तरुणपणी कू क्लक्स क्लॅनचे सभासद होते. माणसाच्या आणि न्यायाच्या वाटा अशा वेड्यावाकड्या असतात.

आपल्याकडे अडाण्याला फसवले तर लोक अडाण्यालाच हसतात. "वाचून अंगठा का दिला नाहीस?" असे ज्याला वाचता येत नाही त्यालाच विचारले जाते. अडाणीपण हा अडाण्याचा गुन्हा न मानता फसवणाऱ्याची जबाबदारी वाढवणारी गोष्ट मानायची, ही दृष्टी मला फार मोठी वाटते.

आता भाच्याच्या प्रश्नाकडे येतो. तत्त्व कितीही थोर असले तरी नऊ डॉलरसाठी न्यायालयात कोण जाणार? पत्रे जातात लाखोंना, आणि दावा लावायला उठतो एखादा. म्हणून तेथे 'क्लास अॅक्शन' नावाची रीत आहे. येथील 'क्लास' म्हणजे मार्क्सचा वर्ग नव्हे. आपल्या मासिकांतून वर्ग आणि वर्ण यांवर इतके वाद झाले आहेत की हा खुलासा करणे बरे. एकाच कृत्याने ज्यांना सारखाच उपद्रव झाला त्या सर्वांचा समूह, एवढाच त्याचा अर्थ. समूहातील एक-दोन जण सर्वांच्या वतीने दावा लावतात आणि निकाल सर्वांना बांधतो.

ही कल्पना आपल्या वाचकांना परकी वाटण्याचे कारण नाही. महाडच्या चवदार तळ्याचा दावा आठवावा. १९२७ च्या डिसेंबरात तो लावला गेला, तेव्हा फिर्यादी महाड गावच्या सवर्ण हिंदूंच्या वतीने उभे होते आणि बाबासाहेब व त्यांचे सहकारी यांना 'अस्पृश्यांचे प्रतिनिधी' म्हणून प्रतिवादी केले होते. तळे आमचे एकट्यांचे, हे सर्व अस्पृश्यांविरुद्ध एकाच दाव्यात ठरवून घेण्याचा तो डाव होता. डाव त्यांच्यावरच उलटला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यांचे अपील फेटाळले आणि हक्क कायम झाला तो साऱ्या अस्पृश्यांचा. समूहाच्या नावाने दावा लावता येतो, समूहावरही लावता येतो, आणि त्याचे फळ न्यायालयात न गेलेल्यालाही मिळते, हे आपण पूर्वीच पाहिले आहे. अमेरिकेतही या रीतीचा काळ्यांच्या लढ्याशी जवळचा संबंध आहे. शाळांतील वर्णभेद बेकायदा ठरवणारा १९५४ चा ब्राउन खटला समूहदावाच होता. आणि १९६६ साली समूहदाव्याचा नियम क्रमांक २३ नव्याने लिहिला गेला तेव्हा त्याचा एक भाग नागरी हक्कांचे असे दावे डोळ्यांपुढे ठेवूनच लिहिला होता.

भाच्याच्या बाबतीत घडले ते असे. त्याच मजकुराचे पत्र मिळालेल्या दुसऱ्या कोणीतरी दावा लावला. पत्रे छापील असल्यामुळे सर्वांची तक्रार शब्दशः एकच होती, आणि समूहदाव्याला हवे असते ते नेमके हेच. पुढे कंपनीने तडजोड केली. येथे दावा जिंकला असे म्हणता येत नाही. तडजोडीत कंपनी बहुधा दोष कबूल करत नाही, फक्त पैसे देते आणि समूहातील प्रत्येकाचा त्या बाबतीतला पुढचा दावा कायमचा मिटतो. म्हणून अशी तडजोड न्यायाधीशाने तपासून मंजूर करावी लागते. समूहातील लोकांना आधी सूचनेचे पत्र जाते. ज्याला वेगळे व्हायचे असेल त्याने तसे कळवायचे, हरकत असेल त्याने हरकत मांडायची. काही तडजोडींत पैसे मिळण्यासाठी अर्ज भरावा लागतो, काहींत चेक आपोआप येतो. गंमत अशी की भाच्याने सूचनेचे पत्र आणखी एक वसुलीचे पत्र समजून फेकून दिले होते. खोट्या कागदांनी घाबरलेला माणूस खरा कागदही उघडत नाही.

पण अकराच डॉलर का? याचे उत्तर कायद्यातच आहे. एकट्याने दावा लावला तर प्रत्यक्ष नुकसानीखेरीज हजार डॉलरपर्यंत भरपाई मिळू शकते. हा आकडा १९७७ चा, तो आजवर वाढलेला नाही. समूहाने दावा लावला तर मात्र मूळ फिर्यादी सोडून बाकी सर्वांना मिळून पाच लाख डॉलर किंवा कंपनीच्या निव्वळ मालमत्तेचा एक टक्का, यांतील जे कमी असेल तेवढीच मर्यादा. हिशोब करून पाहा. कंपनीची मालमत्ता वीस लाख डॉलर असेल तर एक टक्का म्हणजे वीस हजार. पत्रे चाळीस हजार लोकांना गेली असतील तर दर माणशी अर्धा डॉलर. जितक्या जास्त लोकांना घाबरवावे तितकी माणशी भरपाई कमी! वकिलाची फी वेगळी, ती हरणाऱ्या कंपनीने द्यायची असते, आणि ती पुष्कळदा समूहाला मिळणाऱ्या रकमेहून मोठी असते. तरी मी या फीच्या विरुद्ध नाही. तिच्यावाचून नऊ डॉलरच्या माणसाला वकील मिळाला नसता.

तडजोडीत काय काय लपते याचा नमुना म्हणून ओहायोचे एक प्रकरण सांगतो. मिडलँड ही कर्ज विकत घेणारी मोठी कंपनी. न्यायालयात दाखल करायची तिची प्रतिज्ञापत्रे संगणकातून निघत आणि एक कर्मचारी दिवसाला दोनशे ते चारशे प्रतिज्ञापत्रांवर सह्या करी. 'मला या कर्जाची जातीने माहिती आहे' असे त्यांत लिहिलेले असे. प्रत्यक्षात त्याला काहीच माहीत नसे. यावरून समूहदावे झाले आणि २०११ साली ५२ लाख डॉलरची तडजोड झाली. समूहात चौदा लाखांहून अधिक लोक होते. त्यांपैकी एक लाख तेहतीस हजारांच्या आसपास लोकांनी अर्ज केले आणि प्रत्येकाच्या वाट्याला सतरा डॉलर अडतीस सेंट येणार होते. वकिलांना पंधरा लाख. दावा लावणाऱ्या चौघांना मिळून आठ हजार, शिवाय त्यांची कर्जे माफ. बाकीच्या लाखो लोकांनी मात्र सतरा डॉलरच्या बदल्यात काय दिले? खोट्या प्रतिज्ञापत्राच्या जोरावर आपल्याविरुद्ध घेतलेला हुकूमनामा त्याच कारणासाठी रद्द मागण्याचा हक्क. सूचनेच्या पत्रात हे स्पष्ट सांगितलेलेही नव्हते. अडतीस राज्यांच्या महाधिवक्त्यांनी विरोध केला आणि २०१३ साली अपील न्यायालयाने ही तडजोड अन्यायकारक म्हणून रद्द केली. चौघा म्होरक्यांची कर्जे माफ आणि समूहाच्या हाती चिल्लर. आपल्या चळवळीत ज्यांनी तडजोडी पाहिल्या आहेत त्यांना यावर अधिक सांगायला नको.

ही कर्जे कोणाच्या माथी बसतात? प्रोपब्लिका या शोधपत्रकारितेच्या संस्थेने २०१५ साली सेंट लुइस, शिकागो आणि नेवार्क या शहरांतील वसुलीचे हुकूमनामे तपासले. उत्पन्न सारखे धरूनही, काळ्या लोकांच्या वस्त्यांतील हुकूमनाम्यांचे प्रमाण गोऱ्या वस्त्यांच्या दुप्पट निघाले. उत्पन्न सारखे असूनही, हे शब्द महत्त्वाचे आहेत. घरात पिढीजात शिल्लक नसली की सारख्याच पगाराचा माणूस एका आजारपणात बुडतो. आपल्यातील पहिल्या पिढीच्या नोकरदारांना हे पुस्तकातून शिकावे लागत नाही.

गेल्या काही वर्षांत या साऱ्याला जे वळण लागले आहे, त्याच्यासाठीच खरे म्हणजे मी लिहायला बसलो.

मुदतबाह्य कर्ज म्हणजे ज्याची कायदेशीर मुदत संपली आहे आणि ज्यासाठी दावा लावून जिंकता येत नाही ते कर्ज. वसुली कंपन्या अशा कर्जासाठीही गोड शब्दांत पत्र पाठवतात, 'चाळीस टक्के सूट, आजच तडजोड करा'. अमेरिकेतील अनेक राज्यांत अशा कर्जापोटी थोडी रक्कम भरली तरी मुदत पुन्हा नव्याने सुरू होते. मेलेले कर्ज जिवंत होते आणि पत्रात ते सांगितलेले नसते. इलिनॉयमधील एका बाईला असेच पत्र आले. ती घाबरली, गोंधळली, वकिलाकडे गेली आणि तिने पैसे भरले नाहीत. तिने समूहाच्या वतीने दावा लावला. ज्यूरीने समूहाला साडेतीन लाख डॉलर देववले. २०२२ साली शिकागोच्या अपील न्यायालयाने तो सारा निकाल पुसून टाकला. कारण काय, तर बाईचे 'ठोस नुकसान' झालेच नाही. भीती आणि गोंधळ म्हणजे नुकसान नव्हे, आणि नुकसान नाही तर संघीय न्यायालयात यायचा अधिकारच नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली ट्रान्सयुनियन या पतनोंदी ठेवणाऱ्या कंपनीच्या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी जो दंडक घातला, त्याच्या आधारे हा निकाल झाला. न्यायमूर्ती डेव्हिड हॅमिल्टन यांनी विरोधी मत नोंदवले, पण ते एकटे पडले.

म्हणजे बाई फसली असती, तिने पैसे भरले असते, तर ती न्यायालयात जाऊ शकली असती. ती फसली नाही, म्हणून तिची तक्रार खोटी! सर्वांत कमी जाणत्या माणसाच्या डोळ्यांनी पत्र वाचण्याची कसोटी पुस्तकात तशीच आहे, पण त्या माणसाच्या छातीतली धडधड मोजायला न्यायालय तयार नाही. मला हा निकाल चुकीचा वाटतो. ज्यांनी कधी कागदाची भीती अनुभवली नाही त्यांनाच भीती हे नुकसान वाटत नाही. वसुली कंपनीला मात्र भीतीची किंमत नेमकी ठाऊक असते. तिने डॉलरमागे चार सेंट मोजलेले असतात ते त्या भीतीच्याच भरवशावर.

तेथील वकील आता असे दावे राज्यांच्या न्यायालयांत नेतात, कारण ही ठोस नुकसानीची अट राज्यांच्या न्यायालयांवर बंधनकारक नाही. समूहदाव्याचे दार पूर्ण बंद झालेले नाही, अरुंद झाले आहे.

आपल्याकडे दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश १, नियम ८ आहे. महाडचा दावा अशाच प्रातिनिधिक रीतीने लावलेला होता. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३५ खाली सारखेच हितसंबंध असलेल्या अनेक ग्राहकांच्या वतीने एका किंवा अधिक ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने तक्रार करता येते. वसुली एजंटांनी कसे वागावे याच्या सूचना रिझर्व्ह बँकेने २००८ साली बँकांना दिलेल्या आहेत. पत्र मात्र कोणी मोजत नाही. एजंट दारात येऊन शिव्या देतो तेव्हा शेजारी साक्षीला असतात. पत्राला साक्षीदार नसतो, ते घरात एकटेच वाचले जाते किंवा वाचलेही जात नाही.

मागच्या उन्हाळ्यात वस्तीतील एक बाई आमच्याकडे कागद घेऊन आली. म्हणाली, "गुरुजी, अटक होतीय का बघा." बचत गटाच्या ओळखीने एका खासगी कंपनीकडून तिने कर्ज घेतले होते आणि तीन हप्ते थकले होते. कागदावर तराजूचे चित्र, वर मोठ्या अक्षरांत 'अंतिम कायदेशीर सूचना', फौजदारी कलमांचे आकडे, आणि खाली वाचता न येणारी एक छापील सही. कोणत्याही न्यायालयाचा प्रकरण क्रमांक नव्हता. मी तिला सांगितले, "बाई, हप्ता थकला म्हणून कोणी अटक करत नाही. हा कोर्टाचा कागद नाही." तिला पटले नाही. चित्रातल्या तराजूकडे बोट दाखवून ती म्हणाली, "मग हे काय?"

मला भाच्याचे अकरा डॉलर आठवले. त्या रविवारपासून आम्ही असे कागद जमवू लागलो. पाकिटासह, कारण तारीख पाकिटावर असते. आतापर्यंत सव्वीस जमले आहेत. नाव आणि रक्कम सोडली तर एकोणीस कागदांतील मजकूर अक्षरशः एकच आहे, शुद्धलेखनाच्या चुकांसकट. आमच्यापैकी एक तरुण वकील आता ते घेऊन जिल्हा ग्राहक आयोगाकडे कलम ३५ ची परवानगी मागणार आहे. तक्रारीवर पहिले नाव त्या बाईने आपले घालायला सांगितले आहे.